वाचकांचे प्रश्न : मुदत वाढली, पण नेमकी कशाची?

कोविडकाळात वाढवलेल्या करविषयक मुदतींबद्दल वाचकांची पत्रे अजूनही येतात. आयकर पोर्टलवर जुनी मागणी अचानक दिसू लागणे किंवा पुढे ओढलेला तोटा नाकारला जाणे, हे त्यांचे नेहमीचे निमित्त. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच निवडली आहेत. ज्या वर्षांबद्दल ही विचारणा आहे, त्यांना १९६१ चाच आयकर कायदा लागू होतो.

प्रश्न (पुणे) : २०१८-१९ या आर्थिक वर्षात मला शेअर्समध्ये २,२०,००० रुपयांचा अल्पकालीन तोटा झाला. विवरणपत्र राहून गेले होते. कोविडमुळे मुदत ३० नोव्हेंबर २०२० पर्यंत वाढल्याचे कळल्यावर मी ते २० नोव्हेंबरला भरले. तरीही १०,००० रुपये विलंब शुल्क लागले आणि तोटा पुढच्या वर्षी ओढू दिला नाही. सरकारनेच दिलेल्या मुदतीत भरूनही असे का?

उत्तर : २०१९-२० या करनिर्धारण वर्षासाठी (म्हणजे उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतरच्या वर्षासाठी) लेखापरीक्षण लागू नसलेल्या व्यक्तींची मूळ मुदत ३१ ऑगस्ट २०१९ होती, म्हणजे कोविडच्या कितीतरी आधी ती संपलेली होती. त्यानंतर उशिराचे किंवा सुधारित विवरणपत्र ३१ मार्च २०२० पर्यंत भरता येत होते, आणि टाळेबंदीमुळे वाढली ती ही दुसरी मुदत. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी २४ मार्च २०२० रोजी ती ३० जूनपर्यंत नेल्याचे जाहीर केले. पुढे ती ३१ जुलै, ३० सप्टेंबर आणि अखेर ३० नोव्हेंबर अशी सरकत गेली. या सगळ्या वाढींमुळे आपले विवरणपत्र वैध ठरले, परंतु ते ‘उशिराचे’ म्हणूनच वैध ठरले.

भांडवली तोटा पुढे ओढायचा असेल, तर कलम १३९(१) मधील मूळ मुदतीत विवरणपत्र भरलेले असावे लागते. घरमालमत्तेच्या तोट्याला ही अट नाही, शेअर्सच्या तोट्याला आहे. कलम २३४एफ चे विलंब शुल्कही त्याच मुदतीवर अवलंबून असते आणि त्या वर्षी ते ३१ डिसेंबरनंतर १०,००० रुपये होते (उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००). माझ्या मते येथे आपल्यावर अन्याय झालेला नाही, कारण जी मुदत चुकली तिच्या काळात कोणतेही संकट नव्हते. विलंब माफ करून घेण्यासाठी कलम ११९(२)(बी) खाली अर्ज करता आला असता, मात्र या वर्षासाठी तो मार्गही ३१ मार्च २०२५ रोजी बंद झाला. याउलट पुढच्या, म्हणजे २०२०-२१ या करनिर्धारण वर्षाची मूळ मुदतच वाढून १० जानेवारी २०२१ झाली होती, त्यामुळे त्या दिवसापर्यंत विवरणपत्र भरणाऱ्यांना शुल्क लागले नाही आणि त्यांचा तोटाही शाबूत राहिला.

प्रश्न (नाशिक) : मी ६७ वर्षांचा निवृत्त प्राध्यापक आहे. निवृत्तिवेतन व ठेवींचे व्याज एवढेच उत्पन्न. २०२१-२२ या करनिर्धारण वर्षासाठी उद्गम करकपात (टीडीएस) वजा जाता माझा १,३०,००० रुपये कर उरत होता. त्यापैकी ५०,००० मी २६ जुलै २०२१ रोजी भरले आणि उरलेले ८०,००० विवरणपत्रासोबत २८ डिसेंबरला. आता ४,००० रुपये व्याजाची मागणी दिसते. माझ्या ५५ वर्षांच्या धाकट्या भावाचा करही योगायोगाने तेवढाच होता. त्याने तो सगळा डिसेंबरमध्ये भरला आणि त्याला तर माझ्याहून कितीतरी जास्त व्याज पडले. मुदत ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत होती ना?

उत्तर : विवरणपत्राची मुदत खरोखरच आधी ३० सप्टेंबर आणि मग ३१ डिसेंबर २०२१ अशी वाढली होती. परंतु केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २० मे २०२१ आणि ९ सप्टेंबर २०२१ रोजी काढलेल्या दोन्ही परिपत्रकांत एक अट होती, जी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत क्वचितच आली. उद्गम कर, अग्रिम कर (वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा कर) आणि इतर सवलती वजा केल्यावर उरणारा कर १ लाखापेक्षा जास्त असेल, तर विवरणपत्राच्या विलंबाबद्दल लागणाऱ्या कलम २३४ए च्या व्याजापुरती ही मुदतवाढ लागूच होत नव्हती. अशा करदात्याला मूळ तारखेपासून, म्हणजे १ ऑगस्टपासून, दरमहा १ टक्का व्याज लागत होते आणि महिन्याचा काही भागही पूर्ण महिना धरला जात होता. आपल्या भावाला ऑगस्ट ते डिसेंबर या पाच महिन्यांचे १,३०,००० वर ५ टक्क्यांनी ६,५०० रुपये लागले ते यामुळे.

त्यांना पडलेल्या व्याजाचा मोठा भाग मात्र याहून वेगळा असणार. अग्रिम कर न भरल्याबद्दल कलम २३४बी खाली १ एप्रिलपासून कर भरेपर्यंत व्याज चालू राहते आणि त्या वर्षीच्या मुदतवाढीने या कलमाला हातही लावला नव्हता. त्यांनी अग्रिम कर अजिबात भरला नसेल, तर एप्रिल ते डिसेंबर या नऊ महिन्यांचे हे व्याज ११,७०० रुपये होते. हप्ते चुकल्याबद्दलचे कलम २३४सी चे व्याज आणखी निराळे. विवरणपत्राची तारीख पुढे गेली म्हणून कर भरण्याची तारीखही पुढे गेली, असा समज त्या दोन वर्षांत अनेक सुशिक्षित करदात्यांचा झाला होता आणि त्याची किंमत त्यांनी व्याजाच्या रूपाने मोजली.

आपली स्थिती वेगळी आहे. साठ वर्षे पूर्ण झालेल्या आणि व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या निवासी व्यक्तीला अग्रिम कराचे बंधन नसते, त्यामुळे कलम २३४बी आपल्याला लागू होत नाही. शिवाय अशा ज्येष्ठ नागरिकाने मूळ मुदतीच्या आत भरलेला स्वयंनिर्धारण कर (स्वतः हिशेब करून भरलेला उरलेला कर) हा अग्रिम कर मानला जाईल, असे त्याच परिपत्रकांत स्पष्ट म्हटले होते. आपण २६ जुलैला भरलेले ५०,००० रुपये त्यामुळे आधीच वजा होतात, उरलेला कर ८०,००० म्हणजे १ लाखाच्या आत येतो, आणि कलम २३४ए चे व्याज शून्य होते. मागणीतील ४,००० रुपये हे ८०,००० वर पाच महिन्यांचेच व्याज दिसते. आपण पोर्टलवर कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज करावा आणि चलनाची तारीख व परिपत्रकातील ही तरतूद त्यात नमूद करावी. ज्या आर्थिक वर्षात विवरणपत्रावरील प्रक्रियेची सूचना विभागाने काढली, ते वर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत हा अर्ज करता येतो, तेव्हा सूचनेवरील तारीख आजच पाहावी.

या १ लाखाच्या अटीबद्दल माझी नाराजी मी येथे नोंदवतो. ९९,००० रुपये कर उरलेल्याला व्याज नाही आणि १,०१,००० उरलेल्याला मात्र पहिल्या रुपयापासून पाच महिन्यांचे व्याज, ही रचना संकटातल्या सवलतीला शोभणारी नव्हती. १ लाखावरील रकमेपुरतेच व्याज घेतले असते, तर महसुलाचे फारसे बिघडले नसते.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : फेब्रुवारी २०२१ मधील आयकर आदेशाविरुद्ध मी २० मे २०२२ रोजी आयुक्तांकडे अपील दाखल केले. तीस दिवसांची मुदत उलटल्याचा आक्षेप आला आहे.

उत्तर : आक्षेप टिकणारा नाही. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या प्रकरणात १० जानेवारी २०२२ रोजी दिलेल्या आदेशानुसार १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या गणनेतून वगळला गेला. या काळात ज्यांची मुदत संपत होती, त्यांना १ मार्च २०२२ पासून ९० दिवस मिळाले. आपले अपील त्यात बसते. हा आदेश न्यायिक व अर्धन्यायिक कार्यवाहीपुरता होता. विवरणपत्रे किंवा कर भरणा यांची मुदत त्याने वाढली नाही, तेव्हा तिकडे त्याचा आधार घेऊ नये.

प्रश्न (सांगली) : पूर आला की करभरणा आपोआप लांबणीवर पडतो, असे आमच्या बाजारपेठेत मानले जाते. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. अधिसूचना किंवा आदेश निघाल्याशिवाय कोणतीही मुदत हलत नाही, आणि निघाला तरी तो कोणत्या विवरणपत्रासाठी आणि कोणत्या भागासाठी आहे, हे शब्दशः वाचावे लागते. २०१८ च्या महापुरानंतर आयकर विवरणपत्राची मुदत ३१ ऑगस्टवरून १५ सप्टेंबर झाली, ती केवळ केरळसाठी. २०१९ च्या पुरात आपल्या सांगलीसह कोल्हापूर आणि इतर काही जिल्ह्यांना जुलै महिन्याचे जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे विवरणपत्र भरण्यासाठी २० सप्टेंबरपर्यंत वेळ मिळाला. मात्र व्यवसायाचे मुख्य ठिकाण त्या जिल्ह्यात असणे ही अट होती. मुख्य नोंदणी मुंबईची आणि पाण्यात गेलेले गोदाम सांगलीचे, अशा व्यापाऱ्याला त्याचा उपयोग झाला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये लेखापरीक्षण अहवालाची मुदत वाढवताना मंडळाने देशाच्या काही भागांतील पूर व नैसर्गिक आपत्तींचा उल्लेख केला, तेव्हा मात्र वाढ देशभर लागू झाली.

जीएसटीमध्ये सवलतीला टप्पेही असतात. २०२० मध्ये ५ कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना ठरवून दिलेल्या तारखेपर्यंत व्याज शून्य होते, त्यानंतर ३० सप्टेंबर २०२० पर्यंत ९ टक्के, आणि तोही दिवस चुकला की पुढे नेहमीचे १८ टक्के. या तारखा उशिरा जाहीर होण्याची सवय मात्र प्रशासनाने सोडायला हवी. आयकर विवरणपत्राची ३१ डिसेंबर २०२० ची मुदत ३० डिसेंबरला वाढवली गेली, आणि १५ सप्टेंबर २०२५ ची त्याच रात्री उशिरा, तीही एका दिवसाने. दुकानातला चिखल उपसणाऱ्या माणसाला सवलत आठवडाभर आधी कळली, तरच तो तिचा उपयोग करू शकतो.

प्रश्न (सोलापूर) : माझे पती एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेले. ते खासगी कंपनीत होते. २०२०-२१ या आर्थिक वर्षात त्यांच्या पगारातून ३८,००० रुपये जास्तीचा कर कापला गेला, पण विवरणपत्र कोणी भरले नाही. त्या दिवसांत मला काही सुचत नव्हते. आता ते पैसे मिळतील का? कंपनीने त्याच वर्षी १२ लाख रुपये दिले आणि त्यांच्या मित्रांनी ३ लाख जमवून दिले. त्यावर कर भरायचा राहिला आहे का?

उत्तर : आपल्या पतीच्या निधनाबद्दल मनापासून सहवेदना. हे पैसे मिळण्याची वाट अजून खुली आहे. त्या वर्षाचे उशिराचे विवरणपत्र ३१ मार्च २०२२ पर्यंतच भरता येत होते, परंतु कलम ११९(२)(बी) खाली विलंब माफ करण्याचा अर्ज करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत करता येतो, असे मंडळाच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात म्हटले आहे. आपल्या बाबतीत हा दिवस ३१ मार्च २०२७ आहे. एक कोटीपर्यंतच्या रिफंडच्या अर्जावर प्रधान आयुक्त किंवा आयुक्त निर्णय देतात आणि शक्यतो सहा महिन्यांत तो द्यावा, असे त्यांना सांगितलेले आहे. कोणी ‘अद्ययावत विवरणपत्र’ भरण्याचा सल्ला दिला, तर तो मानू नये, कारण त्या मार्गाने रिफंड मागता येत नाही.

आधी मृत्यू प्रमाणपत्र, दोघांची पॅन कार्डे आणि वारस दाखला देऊन पोर्टलवर पतीच्या कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करावी. अर्जात त्यांचे आजारपण, मृत्यूची तारीख आणि नंतरची आपली परिस्थिती साध्या शब्दांत लिहावी, आणि रुग्णालयाची कागदपत्रे, फॉर्म १६ (कंपनीने दिलेले करकपातीचे प्रमाणपत्र) व फॉर्म २६एएस (पोर्टलवरील कापलेल्या कराचा तपशील) जोडावेत. विलंबामागचे कारण खरे होते आणि रिफंड नाकारल्यास खरोखरची अडचण होईल, एवढे अधिकाऱ्याला पटले पाहिजे. आपले कारण याहून स्पष्ट असू शकत नाही. अर्ज मंजूर झाल्यावर विवरणपत्र भरताना याच कलमाचा पर्याय निवडावा. उशिराने मागितलेल्या रिफंडवर व्याज मिळत नाही, मूळ रक्कम मिळते.

मदतीच्या रकमांबाबत २०२२ च्या वित्त कायद्याने २०२०-२१ या करनिर्धारण वर्षापासून सूट दिली आहे. कोविडने मृत्यू झालेल्या व्यक्तीच्या कुटुंबाला मृत्यूनंतर बारा महिन्यांच्या आत तिच्या मालकाकडून मिळालेली रक्कम कितीही असली तरी करमुक्त आहे, आणि इतरांकडून मिळालेली एकूण १० लाखांपर्यंत. आपले १२ लाख आणि ३ लाख दोन्ही त्यात बसतात. संसर्ग निष्पन्न झाल्यापासून सहा महिन्यांत मृत्यू झालेला असावा, अशी अट आहे, म्हणून तपासणीचा अहवाल जपून ठेवावा. अधिसूचनेने ठरवलेल्या नमुन्यातील निवेदन त्या वेळी दिले गेले होते की नाही, हे जवळच्या सीएकडून तपासून घ्यावे, आणि नसल्यास रिफंडचा अर्ज करण्यापूर्वी त्याबाबत त्यांचा सल्ला घ्यावा.