शेजारच्या लहान मुलाला डोळ्याचा कर्करोग झाला आहे. त्या कुटुंबाला आधार कसा द्यावा?

आपण विचारले आहे की, निपाणीत आपल्या गल्लीतील अडीच वर्षांच्या मुलाला रेटिनोब्लास्टोमाचे निदान झाले असून डॉक्टरांनी डोळा काढावा लागेल असे सांगितले आहे, तर शेजाऱ्यांनी काय करावे. माझ्या भाचीला हाच आजार झाला होता आणि खानापूर तालुक्यातील आमच्या गावाहून तिच्या बंगळूरच्या बहुतेक फेऱ्यांना मी सोबत होतो, म्हणून लिहितो.

पहिली विनंती अशी की, डोळा काढावा की नाही यावर त्या घरात कोणालाही मत देऊ देऊ नका. गाठ डोळ्याच्या आत आहे तोवर मूल वाचण्याची शक्यता फार चांगली असते. ती दृष्टीच्या मज्जातंतूतून मेंदूकडे सरकली की ती शक्यता झपाट्याने घटते. आमच्या घरातील वडीलधाऱ्यांनी ‘पोरीच्या जातीला डोळा गेला तर पुढे कसे’ या काळजीपोटी झाडपाल्याच्या औषधात तीन आठवडे घालवले, आणि ते तीन आठवडे आठवले की आजही माझा जीव घाबरा होतो. माझ्या बहिणीचे मन वळले ते रुग्णालयाच्या बाकावर. तिथे एका आईने आपला मुलगा पुढे करून त्याचा कोणता डोळा कृत्रिम आहे ते ओळखायला सांगितले, आणि बहिणीला ते ओळखता आले नाही. असे एखादे कुटुंब आपल्या पाहण्यात असेल किंवा रुग्णालयातील समुपदेशकांकडून कळले, तर त्यांची गाठ घालून द्या.

दुसरे, त्या आईला दोषापासून वाचवा. ‘गरोदरपणी ग्रहण पाळले नसेल’ हे वाक्य माझ्या बहिणीने किती जणींकडून ऐकले असेल याची गणती नाही. हा आजार आरबी१ नावाच्या जनुकातील बिघाडामुळे होतो, त्याचा ग्रहणाशी काहीही संबंध नाही, आणि बहुतेक मुलांच्या घराण्यात तो पूर्वी कोणालाही झालेला नसतो. हे शेजारणींना आपणच समजावून सांगा. आईला सांगत बसावे लागू नये.

कागदपत्रांचे काम मात्र कोणीतरी एकाने अंगावर घ्यावे. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, परंतु त्यासाठी आधी सरकारी रुग्णालयाचे शिफारसपत्र लागते. महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील 865 गावांसाठी लागू करण्याचा निर्णय घेतला होता. मुंबईला जायचे ठरले तर आपल्या गावाला तिचा लाभ मिळतो का, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात शयनयान वर्गाचे भाडे पूर्ण माफ असते आणि सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत मिळते, मात्र रुग्णालयाचा विहित नमुन्यातील दाखला हवा. आमच्या भावोजींचे शिक्षण मराठी शाळेत झाले, त्यामुळे कन्नड अर्ज आणि इंग्रजी अहवाल हातात पडले की ते गप्प होत. अर्ज वाचून दाखवणारा आणि डॉक्टरांचे म्हणणे वहीत मराठीत उतरवून घेणारा माणूस सोबत असणे, ही मला पैशांइतकीच मोठी मदत वाटते.

काढलेल्या डोळ्याची सूक्ष्म तपासणी होते आणि तिच्यावरून पुढे केमोथेरपी लागेल की नाही हे ठरते. ती लागली, तर मुलाला येणारा ताप साधा समजू नये. रोगप्रतिकारशक्ती खालावलेली असल्याने त्याच रात्री रुग्णालय गाठावे लागते. गल्लीत ज्याच्याकडे गाडी आहे, त्याने ‘रात्री कधीही दार वाजवा’ असे त्या घरी स्वतः जाऊन सांगावे. आमच्याकडे एका दूधवाल्याने हे सांगितले होते आणि दोनदा तो शब्दाला जागला.

शेवटी भावंडांविषयी. काही मुलांमध्ये हा बिघाड आनुवंशिक असतो, म्हणून धाकट्या भावंडाचे डोळेही नेत्रतज्ज्ञांकडून बाहुली मोठी करून तपासून घ्यावे लागतात. त्या गडबडीत ही तपासणी मागे पडू नये म्हणून आठवण आपण ठेवा. आणि मोठे भावंड शाळेत जाणारे असेल, तर आई-वडील बंगळूरला असताना त्याचे जेवण, अभ्यास आणि झोपणे एकाच घरी ठेवा, कारण माझा भाचा त्या काळात चार घरी जेवला आणि आपले अंथरूण कुठे आहे हे त्याला रोज संध्याकाळी विचारावे लागे.