बस बघताना आधी तिकीट बघ

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

जुन्या बसचे तू पाठवलेले फोटो सवडीने पाहिले. डोळा चांगला आहे तुझा. पण प्रत्येक फोटोखाली गाडीची कंपनी, मॉडेल आणि इंजिन एवढंच लिहिलंयस. मार्ग क्रमांक एकाही फोटोखाली नाही. गाडी कुठून कुठे जात होती, तिकीट किती होतं, आत कोण बसलं होतं, काही म्हणजे काही नाही. लेलँड की डेमलर, हे ओळखता येणं बरंच. पण ते इंग्लंडात बसलेला माणूसही फोटोवरून सांगेल. मुंबईच्या बसबद्दल मुंबईकरालाच कळेल असं काही शोधायचं असेल, तर तिकिटापासून सुरुवात कर.

का, ते सांगतो. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईची पहिली मोटारबस धावली. हे वाक्य तुला पाठ असेल, सगळ्यांनाच असतं. पुढचं मात्र फारसं कुणी सांगत नाही. त्या काळी ससून डॉकपासून दादरपर्यंत ट्राम दीड आण्यात न्यायची, आणि तेवढ्याच प्रवासाला बसचे चार आणे पडायचे. गिरणीत पाळी करणारा माणूस कशाला बसच्या वाटेला जाईल? तेव्हा बस बऱ्या घरच्यांची आणि ट्राम गरिबाची. तरीही १९२६ च्या उरलेल्या साडेपाच महिन्यांत सहा लाख लोक बसमध्ये बसले आणि पुढच्या सबंध वर्षात सुमारे अडतीस लाख. १९३७ मध्ये डबलडेकर बस आणावी लागली ती गर्दी आवरेना म्हणून. मजल्याची गाडी शहराला नवीन नव्हती. डबलडेकर ट्राम १९२० पासूनच होती. म्हणजे अकरा वर्षांत चार आण्यांची ऐट ओसरून बस सर्वांची होऊ लागली होती. ते कसं झालं, कोणत्या मार्गावर आधी झालं, हे शोधण्यासारखं आहे. इंजिनाच्या माहितीतून ते कळायचं नाही.

आता तिकिटाकडे ये. पातळ कागदाची अरुंद पट्टी असते. मध्ये ठळक आकड्यात रक्कम, आणि कडेने बारीक छापलेले टप्प्यांचे आकडे. कंडक्टर पंचने ज्या आकड्याजवळ भोक पाडायचा, तिथपर्यंत तुझा प्रवास. तिकिटावर तारीख नसली तरी काळ लपत नाही. रक्कम आण्यात असेल तर तिकीट दशमान नाणी येण्याआधीचं, म्हणजे साधारण १९५७ पर्यंतचं. ‘नवे पैसे’ असतील तर एप्रिल १९५७ ते मे १९६४ या सात वर्षांतलं, कारण १ जून १९६४ पासून ‘नवे’ हा शब्द गेला. नुसते पैसे असतील तर त्यानंतरचं. वर ‘कंपनी’ छापलेलं असेल तर ऑगस्ट १९४७ च्या आधीचं धर, कारण बेस्ट, म्हणजे शहराची बस, ट्राम आणि वीज चालवणारी कंपनी, ७ ऑगस्टला महापालिकेने ताब्यात घेतली. स्वातंत्र्याच्या जेमतेम आठवडाभर आधी शहराने आपली वाहतूक आपल्या हातात घेतली, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. शाळेच्या पुस्तकात कुठे येत नाही ते.

फोटोंनाही हाच न्याय लाव. तुझ्या संग्रहातल्या माझगावच्या एका फोटोखाली ‘१९५५ च्या आसपास’ असं लिहिलंयस. त्यात रस्त्यावर दोन तारा शेजारी शेजारी गेलेल्या दिसतात. ट्रामला डोक्यावर एकच तार पुरते, कारण वीज रुळांतून परत जाते. ट्रॉलीबस म्हणजे तारेतल्या विजेवर चालणारी बस; तिला रबरी टायर, खाली रूळ नाहीत, म्हणून तिला येणारी आणि जाणारी अशा दोन तारा लागतात. मुंबईत ट्रॉलीबस गवालिया टँक ते माझगाव डॉक एवढीच होती, ११ जून १९६२ ला सुरू होऊन २४ मार्च १९७१ ला बंद झाली. तेव्हा तुझा तो फोटो १९५५ चा असायचा नाही. शिवाय त्याच रस्त्यावर ट्राम चालू असेल, तर ३१ मार्च १९६४ च्या अलीकडे येता येणार नाही, कारण त्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम गेली. म्हणजे दोन वर्षांच्या आत आलास की नाही?

पाटीही वाच. ‘हुतात्मा चौक’ दिसलं तर संयुक्त महाराष्ट्राचा लढा होऊन गेला आहे. व्हीटीचं सीएसटी १९९६ मध्ये झालं. गाडीच्या नंबरप्लेटवर ‘एमएच’ असेल तर ती १९८९ नंतरची नोंद. मार्गाचा आकडा लाल असेल तर ती लिमिटेड, म्हणजे मोजक्याच थांब्यांवर थांबणारी. आणि सिनेमातल्या दृश्यांवर फार भिस्त ठेवू नकोस. चित्रीकरण कधीचं आणि प्रदर्शन कधीचं, यात वर्ष-दोन वर्षं सहज निघून जातात. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या ‘१९३० ची दुर्मीळ बस’ वगैरे फोटोंबद्दल तर न बोललेलंच बरं.

वडाळ्याजवळच्या ‘आणिक’ बस आगारातलं बेस्टचं संग्रहालय पाहिलंयस का? नसशील तर एकदा नुसतं बघायला जा आणि दुसऱ्यांदा वही घेऊन जा. ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली बघताना बातम्यांपेक्षा वाचकांची पत्रं वाच. बस वेळेवर येत नाही, कंडक्टरने सुटे दिले नाहीत, अमक्या थांब्यावर गाडी थांबतच नाही: त्या तक्रारींमध्ये मार्गांची जेवढी माहिती मिळते तेवढी अहवालात मिळत नाही. एसटीच्या मागे मात्र आत्ताच लागू नकोस. १९४८ पासूनचा तो पसारा आहे आणि एकदा शिरलास की शहर राहील बाजूला.

सगळ्यात घाई आहे ती या गाड्यांवर काम केलेल्या माणसांना गाठायची. बिनवातानुकूलित डबलडेकरची शेवटची फेरी १५ सप्टेंबर २०२३ ला झाली. हार घातले, फोटो काढले, लोक हळहळले. पण ती का गेली हे विचारायला त्या गर्दीत किती जण थांबले असतील? वरच्या मजल्यावर एक कंडक्टर, खाली एक. एका गाडीला दोन पगार. हिशेब तिथेच बिघडत होता. वरच्या कंडक्टरला खाली काय चाललंय ते दिसायचं नाही, मग दोघांचं जमायचं कसं? एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे सगळ्यांना माहीत आहे. पण पावसात खिडक्या बंद, जिन्यात माणसं उभी आणि पुढच्या थांब्यावर तुफान गर्दी, अशा वेळी घंटी कोण द्यायचा आणि शिव्या कोण खायचा, हे फक्त ते काम केलेला माणूस सांगेल. पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी दिवसभर वळवून ड्रायव्हरचे खांदे कसे व्हायचे, हेही.

अशा माणसाकडे गेलास की ‘तुमच्या वेळी कोणती मॉडेल्स होती’ असं विचारू नकोस. तो ‘लाल होती’ म्हणेल आणि गप्प बसेल. त्याच्या हातात एक जुनं तिकीट दे आणि मार्ग क्रमांक विचार. मग त्याला थांबे क्रमाने आठवतील, चौकीतून गाड्या वेळेवर सोडणारा स्टार्टर आठवेल, पगाराच्या दिवशी चढणारे लोक आठवतील. मध्ये बोलू नकोस. तो वर्ष चुकला तर तिथेच दुरुस्त करू नकोस; घरी येऊन तिकिटाशी ताडून बघ. परवानगी घेऊन आवाज नोंदवून ठेव आणि त्याच्या घरच्यांनाही एक प्रत दे.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त कंडक्टर परळला राहतात. तुझ्याबद्दल त्यांच्याशी बोललोय. दुपारी झोपतात, तेव्हा चारनंतर जा. ऐकायला कमी येतं, मोठ्याने बोल. आणि ते माझगावच्या फोटोचं वर्ष आधी खोडून टाक. त्यांनी पाहिलं तर तुझी धडगत नाही.

तुझा,
काका