कंत्राटी कामाच्या मुलाखतीसाठी परगावी जावं का?

प्रश्न: माझी मुलगी चार वर्षं कंत्राटी पद्धतीने सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. सध्याचं कंत्राट तीन आठवड्यांत संपतंय. एका एजन्सीने सहा महिन्यांच्या कामासाठी दुसऱ्या शहरात प्रत्यक्ष मुलाखतीला बोलावलं आहे. जाऊन-येऊन दोन दिवस मोडतात, खर्च आमचाच. गेल्या दोन महिन्यांत ती अशीच दोनदा जाऊन आली, पुढे काहीच झालं नाही. नाही म्हटलं तर नाव खराब होईल का? – एक वडील

उत्तर: तिला सांगा, आज तिकीट काढू नकोस आणि आजच नकारही कळवू नकोस. आधी हिशेब करा, तोही दिवसाच्या रेटमध्ये, म्हणजे एका दिवसाच्या कामाचे तिला जे पैसे मिळतात त्यात.

पगारी माणूस मुलाखतीसाठी रजा टाकतो आणि त्याला त्या दिवसाचा पगार बहुधा मिळतो. कंत्राटी माणसाला त्या दिवसाचं बिल लावता येत नाही. म्हणून तिकीट आणि मुक्काम मिळून अर्ध्या दिवसाच्या रेटएवढे झाले, तरी दोन बुडालेले दिवस धरून फेरी अडीच दिवसांना पडते. सहा महिन्यांच्या कंत्राटात कामाचे साधारण 125 दिवस असतात. पाच फेऱ्यांमागे एक काम मिळत असेल, तर त्या कामापायी साडेबारा दिवस गेले, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा. कंत्राट तीन महिन्यांचं असेल तर पाचवा. दोन फेऱ्यांमागे एक काम मिळू लागलं, तर सहा महिन्यांच्या कंत्राटात हाच आकडा 4 टक्क्यांवर येतो. स्वस्त तिकीट शोधून फारसं वाचत नाही. घराबाहेर पडण्याआधी निवडीची शक्यता किती वाढवून घेतली, यावर सगळं ठरतं.

आधीच्या दोन फेऱ्यांत नेमकं काय झालं, ते तिला विचारा. फोनवर विचारता आले असते तेच प्रश्न तिथे विचारले गेले असतील, तर तिला चाळणीच्या पहिल्या फेरीलाच एवढं लांब बोलावलं होतं. प्रवास निवडीच्या शेवटच्या टप्प्यावर करायचा असतो.

त्यामुळे एजन्सीला आजच ईमेल करून विचारावं: क्लायंटकडे, म्हणजे ज्या कंपनीचं काम करायचं तिच्याकडे, जागा मंजूर झाली आहे की मंजुरी अजून यायची आहे? प्रत्यक्ष भेटीला किती जणांना बोलावलंय? भेटणारा माणूस स्वतः निर्णय घेणारा आहे का, की त्यानंतर आणखी राऊंड आहे? काम कधी सुरू होणार? 'क्लायंटला घाई आहे, तुम्ही या तर' एवढंच उत्तर आलं, तर मंजुरी झालेली नाही असं धरून चालावं. तांत्रिक मुलाखत आधी व्हिडिओवर घ्या, असंही याच ईमेलमध्ये लिहावं. प्रत्यक्ष भेटीला दोन-तीनच जण उरले असतील, तर जाण्यात अर्थ आहे. दहा जण असतील तर नाही.

क्लायंटची बाजूही समजून घ्यायला हवी. व्हिडिओ मुलाखतीला एक जण बसतो आणि कामावर दुसराच हजर होतो, हा प्रकार खरोखर घडतो, म्हणून काही जण प्रत्यक्ष भेटीचा आग्रह धरतात. कारण हेच असेल, तर तिने आपणहून मार्ग सुचवावा: कॅमेरा पूर्ण वेळ सुरू, सुरुवातीलाच ओळखपत्र दाखवणं, स्क्रीन शेअर करून समोर दिलेल्या वेबपानासाठी टेस्ट केसेस (काय आणि कसं तपासायचं याची यादी) लिहून दाखवणं. क्लायंटचं किंवा एजन्सीचं कार्यालय तुमच्या शहरात असेल, तर ओळख तिथेही पटवता येते. अडचण खरी असेल तर यावर बरेच जण राजी होतात.

जायचं ठरलंच, तर दोन गोष्टी लेखी हव्यात. पहिली दिवसाचा रेट. प्रवास करून, वेळ घालवून बसलेल्या माणसाशी घासाघीस करणं सोपं जातं, आणि मुलाखतीनंतर 'बजेट थोडं कमी आहे' हे वाक्य फार वेळा ऐकू येतं. दुसरी प्रवासखर्च. 'क्लायंट देईल' असं फोनवर ऐकून निघू नये. कोण देणार, कमाल किती, पावत्या कुणाकडे पाठवायच्या, किती दिवसांत पैसे मिळणार आणि निवड झाली नाही तरी मिळणार का, हे ईमेलमध्ये यायला हवं. शेवटचा मुद्दा सर्वांत जास्त वेळा राहून जातो. पूर्ण खर्च द्यायला तयार नसतील तर निम्मा मागावा. स्वतःचे पैसे घालणारा क्लायंट नुसती गर्दी जमवायला बोलवत नाही.

याच कामासाठी दुसऱ्या एजन्सीनेही तिचा बायोडेटा पाठवलेला नाही ना, हे आधी तपासा. एकच नाव दोन ठिकाणांहून आलं, की वाद टाळायला क्लायंट अनेकदा ते नावच बाजूला ठेवतो आणि फेरी फुकट जाते. तिकीट रद्द करता येईल असं घ्यावं, निघण्याच्या आदल्या संध्याकाळी वेळ आणि भेटणाऱ्याचं नाव पुन्हा पक्कं करावं. त्याच शहरातल्या आणखी एखाद्या एजन्सीची किंवा क्लायंटची भेट त्याच दिवशी ठरली, तर खर्च विभागला जातो.

रोज तिथे जाऊनच काम करायचं असेल, तर माझं मत थोडं बदलतं. अशा कामाआधी जागा, टीम आणि राहण्याची सोय एकदा पाहून येणं तिच्याच फायद्याचं. पण तेही रेट ठरल्यावर. घरून करायच्या कामासाठी मात्र स्वखर्चाने लांबचा प्रवास मागणं मला पटत नाही.

नाव खराब होण्याची भीती सोडा. एजन्सीला राग येतो तो ऐनवेळी न येणाऱ्यांचा. आधीच स्पष्ट कळवणाऱ्याला ती पुढच्या कामासाठी पुन्हा फोन करते. तिने एवढंच लिहावं: 'कामात मला रस आहे. तांत्रिक फेरी व्हिडिओवर या आठवड्यात कधीही देऊ शकते. त्यात निवड झाली आणि रेट व प्रवासखर्च ईमेलवर ठरला, तर दोन दिवसांच्या पूर्वसूचनेवर भेटायला येईन.' सध्याच्या क्लायंटकडचे हे तीन आठवडे काम सोपवण्याचे आहेत. तिथली मुदतवाढ किंवा दुसऱ्या टीमकडचं काम तिने अजून विचारलं नसेल, तर ही चौकशी आधी करावी. त्यासाठी प्रवास लागत नाही.