पिशवीत शेंगदाण्याची चटणी असू द्या

प्रश्न : आम्ही दोघं साठीतले, पक्के शाकाहारी. कमी खर्चात व्हिएतनाम जमेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : न जमायला काय झालं! मी नि माझी नणंद जाऊन आलो. ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. एका प्रवेशाचे 25 डॉलर. एजंट उगाच जास्त घेतात.

खरी अडचण जेवणाची. नुसत्या भाज्या दिसल्या तरी त्यात ‘नुओक माम’, म्हणजे माशांचा सॉस, असतोच. पाटीवर ‘चाय’ शब्द शोधा. आपला चहा नव्हे, शाकाहारी! चांद्रमासाच्या पहिल्या नि पंधराव्या दिवशी तिथले बरेच बौद्ध लोक शाकाहार करतात, तेव्हा चंगळ.

हुए ते दा नांग आगगाडीनेच जा, डावीकडची खिडकी धरून. हाय वान घाटात खाली समुद्र, वर जंगल. नणंदबाई अडीच तास गप्प होत्या, यावरून ओळखा.

नोटा मात्र जपून. 20 हजार डाँगची (हे तिथलं चलन) निळी, 5 लाखांचीही निळसरच. मी नारळपाण्याला मोठी दिली. शहाळेवालीने हसत परत केली.