व्हिडिओ गेममध्ये कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर नेमके काय असते?

बहुतेक वेळा तिथे काहीच नसते, आणि तसे मुद्दामच केलेले असते. जे कॅमेऱ्याला दिसत नाही ते संगणकाने रेखाटूच नये, अशी तजवीज जवळपास प्रत्येक त्रिमितीय गेममध्ये केलेली असते. त्यामुळे आपण वळलो की पाठीमागचा डोंगर चित्रणातून गळतो आणि पुन्हा तिकडे पाहताच परत येतो. अनेक इमारतींना मागची भिंतही नसते. नाटकाच्या नेपथ्यात वाड्याचा दर्शनी भाग तेवढा रंगवावा, तसाच हा प्रकार.

मला सर्वांत रंजक वाटते ते २००४ सालच्या ‘हाफ-लाइफ २’चे उदाहरण. त्यातील दूरच्या इमारती आणि क्षितिज खेळाच्या जागेभोवती नसतातच. त्याच नकाशात बाजूला, १/१६ प्रमाणात त्यांची छोटी प्रतिकृती बांधलेली असते, आणि खेळाडू जितका हलेल त्याच्या सोळाव्या हिश्शाने सरकणारा दुसरा कॅमेरा ती प्रतिकृती टिपून पार्श्वभूमी म्हणून दाखवतो. चौकट ओलांडून पाहिले, तर हे बाहुल्यांचे शहर पोकळीत अधांतरी दिसते.

‘सुपर मारिओ ६४’मध्ये (१९९६) तर कॅमेरा धरणाराही एक पात्र आहे: ढगावर बसलेला लाकिटू. एरवी खेळताना तो दिसत नाही, परंतु किल्ल्यातील आरशाच्या खोलीत मारिओच्या मागे तरंगताना सापडतो. अर्थात तो आरसाही खरा नाही. पलीकडे तशीच दुसरी खोली उलटी बांधून ठेवलेली आहे.