बोक्याची साखर २४०: मधुमेहच का?

प्रश्न: आमच्या नऊ वर्षांच्या बोक्याच्या रक्तात साखर २४० निघाली. इन्शुलिन लगेच सुरू करायचं का?

उत्तर: एका आकड्यावर मुळीच नको. मधुमेह नसताना इन्शुलिन दिलं तर साखर एकदम खाली जाऊन झटके येतात, जीवही जातो. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर तेवढ्यापुरती ३०० पर्यंतही चढते. नुकतंच स्टेरॉइड दिलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

रक्तातलं फ्रुक्टोसामाइन (साखर चिकटलेली प्रथिनं) तपासून घ्या. त्यातून मागच्या एक-दोन आठवड्यांची साखरेची सरासरी कळते, त्या क्षणाची भीती त्यात उतरत नाही. सोबत घरीच धरलेली ताजी लघवी न्या. त्यासाठी ट्रेमध्ये मातीऐवजी माशांच्या टाकीतले धुतलेले, कोरडे खडे घाला.

बोका खूप पाणी पितोय, वजन उतरतंय? मग तपासणी लांबवू नका. उलट्या होऊन खाणं सुटलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.