भिरभिरं थांबलं तेव्हा

"ताई, फिट येऊ नये म्हणून आम्ही एवढं जपतो, आणि इथे ती मुद्दाम आणणार?"

ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीच्या, आदल्या दिवशी एक आई सूचनांचा कागद घेऊन आली होती. मुलगी आठ वर्षांची. वर्गात दिवसातून कितीतरी वेळा पाच-दहा सेकंद एकटक बघत राहते, हाक मारली तरी ओ नाही. बाईंचं म्हणणं, अभ्यासात लक्ष नाही. कागदावर एक ओळ होती: तीन मिनिटं खोल आणि भरभर श्वास घ्यायला सांगतील. आईचं बोट तिथेच अडलेलं.

हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकू येतो. मी सांगितलं, तुम्ही म्हणता ते काही अंशी खरं आहे. भरभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या जराशा आकसतात, लहरी संथ होतात. ठणठणीत मुलांच्याही होतात, आणि श्वास ताळ्यावर आला की साधारण मिनिटभरात पूर्ववत. तेवढ्यात हाताला मुंग्या येतील, ओठ बधिर वाटतील, गरगरेल. पण मुळात नसलेली अपस्माराची, म्हणजे पुन्हा पुन्हा फिट येण्याची, सवय यातून मेंदूला लागत नाही. अंग झटकणारी मोठी फिट यात क्वचितच येते, आणि आली तर सांभाळायला माणसं तिथेच असतात.

"मग सगळ्यांनाच करायला लावतात?" नाही. नुकताच पक्षाघात किंवा मेंदूत रक्तस्राव झालेला, हृदयाचा वा फुप्फुसाचा गंभीर विकार, मोयामोया (मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होत जाण्याचा आजार) किंवा सिकलसेल (रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार) असेल तर हा भाग गाळतात. आईचं माहेर गडचिरोलीकडचं, तिकडे हा आजार जास्त आढळतो, म्हणून सिकलसेलचं मी मुद्दाम खोदून विचारलं. मुलीची तपासणी झालेली होती, त्यात काही निघालं नव्हतं. उपयोगही सगळ्यांना सारखा नाही. मोठ्या माणसांत, मेंदूच्या एकाच भागातून उठणाऱ्या फिट्समध्ये यातून फारसं हाती लागत नाही. या मुलीसारख्या 'तंद्री'च्या फिट्समध्ये मात्र औषध सुरू नसेल तर बहुतेक वेळा निदान इथेच होतं. (तेल न लावता केस धुऊन या, पण उपाशी आणू नका, हेही बजावलं. रिकाम्या पोटी साखर उतरली की लहरी उगाच जास्त संथ दिसतात.)

दुसऱ्या दिवशी टेक्निशियनने मुलीच्या हाती कागदी भिरभिरं दिलं. फुंकर, फुंकर, फुंकर. दोन मिनिटं होत आली असतील, भिरभिरं थांबलं. पापण्या किंचित फडफडल्या. पडद्यावर सेकंदाला तीन या गतीने टोकदार लाटा, सगळ्या रेघांवर एकदम. टेक्निशियन स्पष्ट म्हणाला, "आंबा." नऊ सेकंदांनी मुलगी पुन्हा फुंकू लागली.

"मी आत्ता कोणतं फळ म्हटलं?"

"तुम्ही कुठे काय म्हणालात?"

आई माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आणि मी हिला पाढे विसरते म्हणून मारलंय."